जुन्या स्की बोटीचे इंजिन ओढ देताना मधेच दम सोडते: पेट्रोल कमी पडते की ठिणगी?

प्रश्न: पूर्णाकाठ (जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. येलदरी जलाशयाच्या फुगवट्यावर आम्ही काही मित्र रीतसर परवानगी घेऊन वॉटर स्कीइंगचा छोटा उपक्रम चालवतो. त्यासाठी पुण्याकडच्या एका धरणावर वापरलेली जुनी अमेरिकन बनावटीची स्की बोट आम्ही विकत घेतली आहे. बोट १९८९ची असून इंजिन बरोबर मध्यभागी, पेटीखाली बसवलेले आहे आणि तेथून शाफ्ट सरळ प्रोपेलरला जातो. फोर्डच्या ५.८ लिटर व्ही-८ ब्लॉकवर बांधलेले हे मरीन इंजिन आहे. त्यावर चार बॅरलचा हॉली ४१६० कार्बोरेटर आणि इंजिनच्या अंगालाच लावलेला यांत्रिक पेट्रोल पंप आहे. डिस्ट्रिब्युटरमधले (ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या भागातले) मूळ पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारी जुनी यांत्रिक जोडणी, काढून आधीच्या मालकाने त्या जागी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बसवला आहे.

तक्रार अशी की सकाळी गार असताना इंजिन एका झटक्यात सुरू होते, संथ वेगात कितीही वेळ चालवले तरी कुरकुर करत नाही, आणि रिकामी बोट पळवली तर साडेचार हजार आरपीएमपर्यंत व्यवस्थित जाते. परंतु दोरावर माणूस घेऊन ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग धरला की थोड्या वेळाने ताकद कमी होऊ लागते. आरपीएम ३४०० वरून दोन हजारांच्या घरात येतो, कधी कार्बोरेटरमधून एखादा फटका ऐकू येतो, आणि दोरावरचा माणूस पाण्यात बसतो. थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन मिनिटभर थांबले की इंजिन जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा ओढू लागते, आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा तेच होते. दुपारच्या उन्हात हे लवकर घडते. एखाद्या दिवशी मात्र अजिबात घडत नाही, आणि त्यामुळेच निदान होत नाही.

आतापर्यंत प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर, तसेच पेट्रोल फिल्टर बदलून झाले आहेत. तापमानाचा काटा सत्तर अंशांच्या आसपास स्थिर असतो, तेलाचा दाब योग्य आहे, आणि प्रोपेलरला शेवाळ किंवा जलपर्णी गुंडाळली जात नाही, हे पाण्यात उतरून पाहिले आहे. परभणीतले मिस्त्री आता संपूर्ण कार्बोरेटर आणि कॉइल दोन्ही नवीन मागवायला सांगत आहेत. हे दोन्ही सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात आणि स्वस्त नाहीत. मागवण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याची काही पद्धत असेल, तर कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: मांजराकाठ (लातूर)

आपण लक्षणे नीट लिहिली आहेत. आधी एक विनंती: कार्बोरेटर आणि कॉइल दोन्ही एकदम मागवू नका. दोष अधूनमधून येणारा असला की एकाच वेळी अनेक भाग बदलण्याचा मोह होतो; त्यातून कधी दोष जातो, पण कोणत्या भागामुळे गेला हे कळत नाही, आणि पुन्हा आला की हातात काहीच उरत नाही. ताकद जाते त्या क्षणी पेट्रोल कमी पडले की ठिणगी कमी पडली, एवढे एकच आधी ठरवायचे आहे. बाकी सगळे त्यानंतर.

त्यासाठी पहिले साधन आपल्या डॅशबोर्डवरच आहे. या इंजिनांमध्ये टॅकोमीटरला संकेत मिळतो तो कॉइलच्या ऋण टोकाकडून. त्यामुळे कॉइलचा प्राथमिक प्रवाह तुटला, म्हणजे किल्लीचा स्विच, सेफ्टी दोरीचा स्विच, मुख्य वायरिंगचा जोड किंवा ट्रिगर यांपैकी काही क्षणभर सुटले, तर इंजिन अजून फिरत असतानाही काटा एकदम शून्याकडे पडतो किंवा थरथरतो. याउलट पेट्रोल कमी पडत असेल तर काटा इंजिनच्या आवाजाबरोबरच, सावकाश खाली येतो. पुढच्या वेळी एकाने फक्त काट्याकडे पाहत बसावे. मात्र या खुणेला एक मर्यादा आहे, ती अशी की कॉइलच्या आतले उच्च दाबाचे वेटोळे तापून गळू लागले तर प्राथमिक बाजू शाबूत राहते आणि काटा काहीच सांगत नाही. त्यासाठी टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याची) चिमटी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या जाड वायरीवर लावावी, आणि ओढ देताना दिव्याची लुकलुक पाहावी. ताकद गेली तरी लुकलुक एकसारखी राहिली, तर कॉइल निर्दोष समजायला हरकत नाही.

दुसरे म्हणजे व्होल्टेज. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे कॉइलच्या धन टोकावर ठेवून, इंजिन चालू असताना मधल्या मार्गात किती व्होल्ट खर्च होतात ते मोजा. पॉइंट असलेल्या जुन्या वायरिंगमध्ये मुद्दाम रोधक तार घातलेली असते, म्हणून तेथे कॉइलवर कमी व्होल्टेज दिसणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्याकडे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बसवला आहे, आणि त्याची लाल वायर त्याच रोधक तारेच्या पुढे जोडली असेल, तर ट्रिगरला पुरेसा दाब मिळत नाही आणि गरम झाल्यावर तो चुकू लागतो. ती वायर रोधकाच्या अलीकडून, म्हणजे पूर्ण बॅटरी व्होल्टेज मिळेल तेथून घेतलेली असावी. रोधक तार नसेल आणि तरीही अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट दिसत असेल, तर किल्लीचा स्विच आणि इंजिनजवळचा मोठा प्लग उघडून हिरवट पडलेल्या पिना शोधा. बोट वर्षानुवर्षे पाण्यावर राहिली की हा प्लग हमखास दगा देतो.

आपले वर्णन वाचून माझा कल मात्र पेट्रोलकडे आहे. ठिणगीचा दोष सहसा गचके देत येतो आणि थ्रॉटल मागे घेतल्यावर मिनिटभरात इतक्या शिस्तीने बरा होत नाही. कार्बोरेटरमधून मागे येणारा फटका हेही मिश्रण पातळ झाल्याचे (हवा जास्त, पेट्रोल कमी) लक्षण आहे. पेट्रोलच्या बाजूची कामे मी मोटारींवरच अधिक केली आहेत, त्यामुळे बोटींचा रोजचा अनुभव असणाऱ्यांनी पुढे लिहावे.

उत्तर: नाथसागर (पैठण)

मांजराकाठ यांच्याशी मी सहमत आहे, आणि पेट्रोलच्या बाजूचा हिशोब मांडतो म्हणजे मिनिटभरात बरे होण्याचे कोडे उलगडेल.

एवढे इंजिन संथ वेगात तासाला दोन-तीन लिटर पेट्रोल घेते, पण माणूस ओढताना तीच मागणी ताशी २५ ते ३० लिटरपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ दसपट होते. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कुठे अर्धवट अडथळा असेल, तर संथ वेगात तो कळणारच नाही. ओढ सुरू झाल्यावर कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये साठलेले पेट्रोल काही वेळ भागवते, आवक आणि खर्च यांतली तूट हळूहळू वाढते, बाऊलमधली पातळी खाली जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन दबते. थ्रॉटल मागे घेतला की खर्च थांबतो, बाऊल पुन्हा भरतो आणि इंजिन पूर्ववत होते. रिकामी बोट साडेचार हजारांवर जाते हा पुरावा याच्या विरोधात जात नाही, कारण ती धाव बहुधा थोडक्या वेळाची असते.

तपासणीचा क्रम मी असा ठेवतो. ताकद गेल्याबरोबर टाकीचे झाकण उघडायचे. आत हवा खेचल्याचा आवाज आला आणि इंजिन लगेच सुधारले, तर टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याची वाट) बंद आहे. आपल्याकडे कुंभारमाशी हे काम फार आवडीने करते. बोटीच्या बाजूला असलेल्या व्हेंटच्या तोंडात ती मातीचे घरटे बांधते, आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसली तरी आतली नळी बुजलेली असते. झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर बोटीची टाकी बाजूला ठेवून आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनाची २०-२५ लिटरची सुटी टाकी आणि चांगला नवा पाइप थेट पंपाला जोडायचा आणि त्याच वेगाने ओढ द्यायची. दोष नाहीसा झाला, तर पंप, कार्बोरेटर आणि संपूर्ण इग्निशन एका फटक्यात निर्दोष सुटतात. दोष तसाच राहिला, तर टाकीकडची बाजू सुटते. एवढ्या कमी खर्चात एवढे सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज आहे त्यांनी तो पंपाच्या आवक बाजूला टी-जोड देऊन लावावा. पूर्ण ओढीवर तेथे २ इंच पाऱ्यापेक्षा जास्त खेच (व्हॅक्यूम) दिसू नये. जास्त दिसली तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. खेच कमी असूनही पेट्रोल कमी पडत असेल, तर एक तर पाइपच्या जोडातून हवा येते आहे किंवा पंप थकला आहे. पंपाच्या जावक बाजूचा दाब ५ ते ७ पीएसआय असावा. मरीन पंपाला दुहेरी पडदा असतो आणि त्यापासून एक पारदर्शक नळी कार्बोरेटरकडे गेलेली असते. त्या नळीत पेट्रोल दिसले तर आतला पडदा फाटला आहे, आणि पंप त्याच दिवशी बदलावा.

टाकीच्या बाजूला अडथळा निघाल्यास सर्वप्रथम टाकीच्या तोंडाशी असलेला अँटीसायफन व्हॉल्व्ह पाहा. पितळी जोडाच्या आत स्प्रिंगवर बसलेली एक छोटी गोळी असते. तिचे काम असे की पाइप कुठे तुटला तर टाकीतले पेट्रोल आपोआप ओघळून बोटीच्या तळात साचू नये. जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला किंवा कचरा अडकला की ही गोळी अर्धवटच उघडते. पुष्कळ जण अनुभवाने सांगतात की गोळी काढून टाका आणि मोकळे व्हा. तसे करू नका. व्हॉल्व्ह नवीन बसवा. किंमत किरकोळ आहे आणि पेटीखाली साचलेले पेट्रोल ही किरकोळ गोष्ट नाही.

सुरक्षिततेचे एवढेच सांगतो की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती तळातच बसून राहते. कोणत्याही चाचणीनंतर पेटी उघडून वास घ्यावा, किमान चार मिनिटे ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवावा आणि मगच किल्ली फिरवावी. सुटी टाकी पेटीत नव्हे, उघड्यावर आणि बांधून ठेवावी. मोटारीचा प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर तात्पुरता म्हणूनही लावू नये. त्याचप्रमाणे स्टार्टर किंवा अल्टरनेटर मोटारीचा बसवू नये, कारण मरीन प्रकारात ठिणगी बाहेर येऊ नये अशी बांधणी असते आणि मोटारीच्या भागात ती नसते.

उत्तर: बिंदुसरा (बीड)

थोडे वेगळे मत मांडतो. हल्ली पंपावर मिळते ते ई-२० पेट्रोल, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल असते. आपल्याच भागातल्या ऊस कारखान्यांचा त्यात हातभार आहे, त्यामुळे तक्रार जपूनच करतो. परंतु १९८९ सालच्या कार्बोरेटरची मापे शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेली आहेत. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे साडेतेरा पट पुरते. म्हणजे त्याच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रातून) गेलेले ई-२० हवेच्या मानाने कमी पडते आणि मिश्रण आपोआप सात-आठ टक्के पातळ होते. शिवाय इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलचा बाष्पदाब थोडा वाढतो, आणि मे महिन्यात सावलीत बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना बंद पेटीखाली पंपाच्या आवक बाजूच्या पाइपमध्ये वाफ धरणे अगदी शक्य आहे. दुपारी दोष लवकर येतो याचे उत्तर येथे असावे. मोठे जेट टाकून पाहिले का?

उत्तर: मांजराकाठ (लातूर)

बिंदुसरा यांचे गणित बरोबर आहे, पण केवळ लहान पडणाऱ्या जेटमुळे येणारी उणीव कायमची असते. ती मिनिटभर विश्रांती दिल्याने भरून निघत नाही आणि एखाद्या दिवशी पूर्ण गायबही होत नाही. वाफेचा मुद्दा मात्र लागू पडतो, आणि तोही अडथळ्याशीच जोडलेला आहे. वाट अडलेली असली की पंप अधिक जोराने ओढतो, पाइपमधला दाब घटतो, आणि दाब घटला की तेच पेट्रोल कमी तापमानाला वाफ धरते. म्हणून आधी अडथळा काढा, जेटचा विचार नंतर करा. अडथळा असताना जेट मोठे केले तर मागणी वाढून बाऊल उलट लवकर रिकामा होईल.

इथेनॉलचा माझ्या मते अधिक गंभीर परिणाम जुन्या रबरी पाइपवर होतो. आतला थर मऊ पडतो, सुटतो, आणि ओढ वाढली की तो पापुद्रा आतल्या आत मिटून वाट बंद करतो. ओढ थांबली की पुन्हा पसरतो. बाहेरून पाइप टणक आणि धडधाकट दिसतो, फुंकून पाहिला तर हवा सहज जाते, कारण फुंकताना पापुद्रा भिंतीला चिकटतो. खेचून पाहिल्याशिवाय तो दोष सापडत नाही.

प्रश्नकर्ता: पूर्णाकाठ (जिंतूर)

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवलेल्या क्रमाने तपासणी केली आणि जे आढळले ते मांडतो.

ताकद जाताना टॅकोमीटरचा काटा एकदम पडत नाही, इंजिनच्या आवाजाबरोबर उतरतो. टायमिंग लाइटची लुकलुकही शेवटपर्यंत एकसारखी राहिली. बॅटरी आणि कॉइल यांच्यामधली घट किरकोळ आहे. मूळ रोधक तार आधीच्या मालकाने ट्रिगर बसवतानाच वगळलेली दिसते. टाकीचे झाकण उघडून काही फरक पडला नाही. व्हेंटच्या नळीत थोडी माती निघाली, पण वाट पूर्ण बंद नव्हती.

येलदरीवर मासेमारी करणाऱ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून आउटबोर्डची टाकी आणली, बोटीच्या मागच्या भागात उघड्यावर बांधली आणि भर दुपारी ओढ दिली. इंजिन एकदाही दबले नाही. पुन्हा बोटीची टाकी जोडून गेज लावला तर सुरुवातीला काटा २ इंचांच्या किंचित वर होता, ओढ चालू राहिली तसा तो ५ इंचांच्या पुढे गेला, आणि त्याच वेळी ताकद गेली.

अँटीसायफन व्हॉल्व्ह काढला तेव्हा गोळीवर पिवळसर चिकट थर होता आणि स्प्रिंगमध्ये रबराचे काळे तुकडे अडकले होते. हे तुकडे टाकीतून आले असावेत असे प्रथम वाटले, कारण व्हॉल्व्ह पाइपच्या आधी येतो. आणि तसेच निघाले: टाकीत खाली जाणाऱ्या नळीला जोडलेला रबराचा एक छोटा तुकडा निघाला, आणि तोच विरघळत होता. मांजराकाठ यांचे वाचून टाकी ते पंप हा पाइपही उभा चिरून पाहिला. पंपाकडच्या टोकाला आतला थर वीतभर लांबीत भिंतीपासून सुटलेला होता. म्हणजे एकाच वाटेत दोन अडथळे होते. फिल्टर बदलूनही फरक का पडला नाही, हेही आता कळले.

नवा व्हॉल्व्ह, इथेनॉलला टिकणारा ए१-१५ असा छाप असलेला मरीन पाइप आणि टाकीतली नवी धातूची नळी बसवली आहे. पूर्ण ओढीवर गेज आता १ इंचाच्या खाली राहतो. कॉइल आणि कार्बोरेटर मागवलेले नाहीत.

दोन गोष्टी शिल्लक आहेत. प्लग काढून पाहिले तर चिनी मातीचा भाग पांढरट दिसतो, तेव्हा जेट बदलावेत का? आणि कडक उन्हात इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी सुरू करताना स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. हा जुन्या दोषाचाच अवशेष आहे का?

उत्तर: मांजराकाठ (लातूर)

पांढरट प्लग आणि ई-२० यांचा मेळ बसतो, त्यामुळे आता बिंदुसरा यांच्या सूचनेची वेळ आली आहे. हॉली ४१६० मध्ये पुढच्या दोन बॅरलना सुटे जेट असतात. ते आधी एक आणि गरज पडल्यास दोन नंबर मोठे करा. मागच्या दोन बॅरलना जेट नसतात, भोके पाडलेली पट्टी असते, आणि ती पूर्ण पट्टीच बदलावी लागते. ओढीच्या वेगाला मागची बॅरल किती उघडतात हे पाहूनच त्या खर्चात पडा. प्लग वाचताना इंजिन ओढीवर असतानाच किल्ली बंद करावी, दोरावर अर्थातच कोणी नसावे, आणि मग प्लग काढावा. संथ वेगात परत येऊन काढलेला प्लग संथ वेगाचेच सांगतो. त्याच बैठकीत टायमिंगही तपासा, कारण डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून अडकली असतील तर जेटचा अंदाज चुकेल.

गरम अवस्थेत उशिरा सुरू होणे हा वेगळा विषय आहे. इंजिन बंद झाल्यावर थंड पाणी फिरणे थांबते, ब्लॉकची उष्णता वर चढते आणि बाऊलमधले पेट्रोल उकळून थेट मॅनिफोल्डमध्ये ओघळते. इंजिन भिजल्यासारखे होते. अशा वेळी थ्रॉटल पंप न करता अर्धा उघडा धरून स्टार्टर मारावा. फ्लोटची (बाऊलमधले पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बाऊलच्या बाजूचा स्क्रू काढून तपासा. पेट्रोल छिद्राच्या जेमतेम कडेशी असावे, बाहेर ओघळू नये. पातळी बरोबर असूनही त्रास राहिला, तर कार्बोरेटरच्या खाली उष्णता न वाहणारा जाड स्पेसर बसवता येतो; मात्र त्यामुळे कार्बोरेटरची उंची वाढते, तेव्हा त्यावरचा फ्लेम अरेस्टर (ज्वाळा अडवणारी जाळी) इंजिनच्या पेटीला टेकणार नाही याचे माप आधी घ्या.

उत्तर: नाथसागर (पैठण)

एक पुरवणी. टाकीच्या तळाशी त्या विरघळलेल्या रबराचे अवशेष नक्कीच असतील. टाकी रिकामी करून स्वच्छ करेपर्यंत प्रत्येक फेरीनंतर पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाहा. काळे कण किंवा तळाशी वेगळा थर दिसत असेल, तर नवा व्हॉल्व्हही पुन्हा अडकेल.

टाकी काढणे शक्य नसेल, तर टाकीवरच्या, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या झाकणातून हात पोहोचतो. ते झाकण नव्या गॅस्केटसह बसवावे आणि स्क्रू एकाआड एक आवळावेत.